नऊ वर्षे गुप्त ठेवावयाची नोंद

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
क्वांटम सज्जता व माहिती सुरक्षा कक्ष (उद्योग),
सोलापूर.

अर्जदार : महबूब अल्लाबक्ष नदाफ, वय ५४, शिक्षण नववी, व्यवसाय हजेरी कारकून, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : परिशिष्ट ‘ब’ मधील नोंद क्रमांक ३७ ही नऊ वर्षे गुप्त ठेवण्याची मुदत चालू असताना नोंद देणारा इसम मयत झाल्याने, सदर नोंद कोणाच्या ताब्यात द्यावी याबाबत लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची दि. १७ जुलै २०२५ रोजीची एकदिवसीय कार्यशाळा.
२) कारखान्याचे ज्ञापन, दि. ६ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार चिंचोळी एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात एकतीस वर्षे हजेरी ठेवीत आला आहे. कारखान्याचे नाव लिहू नये असे वरून बजावण्यात आले आहे, म्हणून ते लिहिलेले नाही. पुढील सर्व मजकुरात अर्जदार स्वतःस ‘अर्जदार’ असेच संबोधील. ‘मी’ असे लिहू गेल्यास लेखणी जागच्या जागी थांबते, हा दोन वेळचा अनुभव आहे. शिक्षण अल्प असल्याने शब्दयोजनेत न्यून आढळल्यास पदरात घ्यावे; घडलेल्या गोष्टीत मात्र न्यून ठेवलेले नाही.

२. परदेशातील खरेदीदाराने आमच्या कारखान्यास असे कळविले की, माल पुरविणाऱ्या प्रत्येकाने क्वांटम सज्जतेचा दाखला ऑक्टोबरअखेर सादर करावा. संगणक विभागातील एकमेव सेवक रजेवर होता. तेव्हा व्यवस्थापक श्री. गुरुराजसाहेब यांनी अर्जदारास बोलावून असे उद्गार काढले : “नदाफ, रजिस्टरची सवय तुम्हालाच हाय. तुम्ही जाऊन बसा. काय कळलं न्हाय तरी लिहून आणा. जेवण चांगलं असतंय तितं.”

जेवण खरोखरच चांगले होते, परंतु अर्जदाराचे लक्ष ताटात नव्हते. कारण जेवणापूर्वी संशोधक प्रियदर्शनी मॅडम यांनी जे सांगितले ते त्याने वहीत शब्दशः उतरवून घेतले होते आणि पान उलटले तरी ते डोळ्यांपुढून जात नव्हते. त्या म्हणाल्या : “चोराला आज तुमचं कुलूप तोडता येत नाही. म्हणून तो बंद पेटीच उचलून नेतो आणि सांभाळून ठेवतो. पुढं असं एक क्वांटम यंत्र येणार आहे, की आजची बरीच कुलपं त्याच्यापुढं टिकणार नाहीत. त्या दिवशी तो पेटी उघडेल. म्हणून आज विचारायचं ते एवढंच, की तुमची गोष्ट किती वर्षं गुप्त राहायला हवी?” पुढे असेही म्हणाल्या की, पेटी बंद असली तरी ती कोणी पाठविली, कोणास पाठविली आणि केवढी मोठी आहे, हे चोरास बाहेरूनच दिसते.

एका उद्योजकाने विचारले, ते यंत्र येणार कधी? मॅडम म्हणाल्या, दहा वर्षे, पंधरा, कदाचित त्याआधीही. नेमकी तारीख कोणासच ठाऊक नाही. त्यावर मागील रांगेतून कोणीतरी बोलले, “म्हंजे मरणासारखंच की.” सभागृह हसले. अर्जदाराने तेही लिहून घेतले, कारण सर्व काही लिहून आणा असा त्यास आदेश होता.

३. आपल्या परिशिष्ट ‘ब’ मध्ये पाच रकाने होते : अनुक्रमांक, गोपनीय बाब, ती कोणाच्या ताब्यात, सध्याचे कुलूप, आणि किती वर्षे गुप्त राहणे आवश्यक. येथे अर्जदाराच्या हातून चूक घडली, ती तो लपवीत नाही. या कारखान्यात आजवर जी जी यादी झाली, मग ती वारसदारांची असो, रक्तगटांची असो वा लसीकरणाची असो, ती हजेरीपट काखेत मारून, एकेका मागापाशी उभे राहून, नंबराप्रमाणे विचारूनच झाली. यादी करण्याची अन्य रीत अर्जदारास ठाऊक नव्हती. त्याने दोनशे पानी वहीत पाच रकाने आखले आणि दि. २८ जुलैपासून त्रेसष्टही जणांना क्रमाने विचारावयास सुरुवात केली की, तुझ्यापाशी गुप्त राहावी अशी कोणती बाब आहे, आणि ती किती वर्षे गुप्त राहावी.

४. प्रथम दिवशी हशा झाला. शिवणखात्यातील एक बाई म्हणाली, “माजं वय लिवा. शंबर वर्सं गुप्त.” दुसऱ्याने सांगितले की त्याची बायको रोज डब्यात कारल्याची भाजी देते व ती तो रोज दुसऱ्याच्या डब्यात सरकवतो, मुदत, बायको हयात असेपर्यंत. अर्जदाराने तेही लिहिले. परंतु दुसऱ्या दिवशी वय सांगणारी तीच बाई पाळी सुटताना परत आली आणि खरी बाब सांगून गेली. जाताना पदराने तोंड पुसून म्हणाली, “आजपातूर असं कुनी इचारलंच न्हवतं, भाऊ.” त्यानंतर हशा थांबला. लोक स्वतः होऊन येऊ लागले.

महोदय, येथे मागाच्या खोलीची रीत सांगणे प्राप्त आहे. त्या खोलीत माग चालू असता कानाने काही ऐकू येत नाही. म्हणून तेथील माणसे ओठांच्या हालचालीवरून आणि बोटांच्या खुणांवरून एकमेकांशी बोलतात, आणि या कोपऱ्यातले ओठ त्या कोपऱ्यात वाचले जातात. अशा ठिकाणी गुप्त गोष्ट ओठांनी सांगता येत नाही. ती साऱ्या खोलीस कळेल. ती सांगावयाची तर तोंड कानाला लावूनच सांगावी लागते. त्याप्रमाणे लोक अर्जदाराच्या कानाला लागले. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस जणांनी आपापली बाब दिली. त्या बाबी येथे नमूद करता येत नाहीत.

५. दि. ४ ऑगस्ट रोजी अर्जदाराने कार्यशाळेच्या पत्रकावरील क्रमांकावर मॅडमना फोन करून यादी पूर्ण झाल्याचे कळविले आणि कशी केली तेही सांगितले. मग त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या : “काका, आम्हाला माणसांची गुपितं नको होती हो. संगणकातल्या फायली, पासवर्ड, टॉवेलची डिझाइनं, खरेदीदारांचे करार, एवढंच हवं होतं.” पुढे हळूच विचारले, “सगळ्यांनी सांगितलं?” अर्जदार म्हणाला, एक्केचाळीस जणांनी. त्या म्हणाल्या, “ती वही कुणाला देऊ नका. फोटो काढू नका. टाइप तर मुळीच करू नका.” अर्जदाराने वही रुमालात बांधून हजेरी खोलीच्या कपाटात ठेवली. संगणकातील फायलींची खरी यादी रजेवरून परतलेल्या सेवकाने दोन दिवसांत केली. येथवर हा विषय संपावयास हवा होता.

६. नोंद क्रमांक ३७ ही येडू बिरा गडदे यांची. मूळ गाव सांगोला तालुक्यात. घरची मेंढरे भाऊबंदांकडे सोपवून ते अकरा वर्षांपूर्वी मागावर आले होते. अर्जदारास ते नदाफभाऊ म्हणत. अबोल माणूस, ओठांनीही फार बोलत नसत.

दि. २ ऑगस्ट, शनिवार, सकाळी अकराच्या सुमारास ते स्वतः माग सोडून आले. अर्जदार हजेरीपट घेऊन उभा होता. ते त्याच्या उजव्या बाजूने आले, खांद्यावर हात ठेवला आणि उजव्या कानाला तोंड लावून बोलले. तीन-चार वाक्ये होतील इतका वेळ बोलले. मध्ये एकदा थांबले, पुन्हा बोलले. मग दोन पावले मागे सरून, समोर उभे राहून, ओठांनी सांगितले, “नऊ वर्सं.” अर्जदाराने मान डोलावली. येडू यांनी मोठा श्वास सोडला, डोईवरचा भारा खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा. हसले आणि मागावर परतले. अर्जदाराने पाचव्या रकान्यात ‘नऊ’ लिहिले.

७. दि. २९ ऑगस्ट रोजी येडू गडदे गावाकडे गेले असता अंगणात बसल्या जागी कोसळले व मयत झाले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले. वय सत्तेचाळीस.

दि. १६ सप्टेंबर, मंगळवारी, त्यांच्या पत्नी श्रीमती राजाबाई दोन एसट्या बदलून कारखान्याच्या फाटकावर आल्या. शिल्लक कागदपत्रांवर अंगठा झाला तरी त्या उठल्या नाहीत. हजेरी खोलीतील बाकावर बसून म्हणाल्या : “महबूबभाऊ, त्या शनवारी फोनवर म्हनले, आज नदाफभाऊच्या कानावर घातलं समदं, आता हलकं वाटतंय. मी इचारलं काय घातलं, तर म्हनले काय न्हाय. अट्टावीस वर्सं संसार केला मी. मला न्हाय सांगितलं, तुमाला सांगितलं. काय हाय त्ये मला सांगा की.”

अर्जदार उत्तरला, ताई, मुदत नऊ वर्षांची आहे.

पुढल्या मंगळवारी त्या पुन्हा आल्या. त्यापुढल्याही. भांडण नाही, रडणे नाही. सकाळी दहास येतात, बाकावर बसतात, भाकरी सोडतात, अर्जदारासही अर्धी देतात आणि तीनच्या एसटीला जातात. दि. ७ ऑक्टोबर रोजी, चौथ्या मंगळवारी, त्यांनी प्रश्न लहान केला : “समदं नगा सांगू. छातीत दुकतंय म्हनले व्हते का, येवडंच सांगा. व्हय न्हायतर न्हाय.”

अर्जदाराने हजेरीपट पुढे ओढला आणि भरलेलेच रकाने पुन्हा तपासू लागला. एसटीची वेळ होईपर्यंत राजाबाईंनी त्याच्या तोंडावरची नजर काढली नाही.

८. महोदय, आता जे लिहावयाचे ते लिहिण्यासाठीच हा अर्ज आहे.

नोंद क्रमांक ३७ चा दुसरा रकाना कोरा आहे. अर्जदाराच्या उजव्या कानास सहा वर्षांपासून काहीही ऐकू येत नाही. डावा कान व ओठ वाचण्याची सवय यांवर त्याने आजवर निभावले. बाकी चाळीसजण योगायोगाने डाव्या बाजूने आले, अथवा अर्जदारानेच मान वळवून त्यांना डावीकडे घेतले. येडू अचानक आले आणि उजवीकडून आले. तोंड कानाला लागलेले असल्याने ओठ दिसले नाहीत. ऊब मात्र कळली. लसणाची चटणी खाल्लेल्या माणसाचा श्वास, आणि बोलणे केवढे लांब होते ते. मॅडमनी बंद पेटीबाबत सांगितले होते तितकेच अर्जदारास ठाऊक आहे : कोणी पाठविली, कोणास पाठविली आणि केवढी मोठी होती.

पुन्हा सांग, असे तेव्हाच म्हणता आले असते. अर्जदार म्हणाला नाही. कारण कानाची बाब कळल्यास मागाच्या खोलीत जाण्याची त्याची परवानगी रद्द होते, आणि त्या खोलीत न जाणारा हजेरी कारकून कारखान्यास नको असतो. दरवर्षी कानाची तपासणी होते. तपासणीच्या खोलीच्या काचेतून तपासनिसाचा अंगठा दिसतो; आवाज सोडण्यासाठी तो अंगठा दबला की अर्जदार ऐकू आल्याचे आपले बटण दाबतो. याप्रमाणे तो सहा वेळा उत्तीर्ण झाला आहे. त्रेसष्ट जणांना त्यांची गुप्त बाब विचारीत फिरणाऱ्या या माणसाने स्वतःची नोंद वहीत केली नाही. ती बेचाळिसावी ठरली असती.

९. नऊ वर्षे म्हणजे काय, याचा विचार अर्जदार सोडू शकत नाही. येडू यांची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे; ती अठरा वर्षांची होईपर्यंत झाकावी अशी काही गोष्ट असेल, असे तो एके दिवशी स्वतःस समजावतो. दुसऱ्या दिवशी वाटते, एखाद्या डॉक्टराने त्यांना जपून राहिलास तर नऊ वर्षे असे सांगितले असेल, आणि हा माणूस घरी बोलायला भिऊन येथे बोलला असेल. तसे असेल तर त्या दिवशी अर्जदार त्यांना हात धरून दवाखान्यात नेऊ शकला असता. सत्तावीस दिवस हाती होते. त्याऐवजी त्याने मान डोलावली, आणि आपले कोणीतरी ऐकले आहे अशा समजुतीने तो माणूस गेला.

जनाजा नव्हे, अंत्यविधी होऊन पाचव्या दिवसापासून अर्जदारास उजव्या बाजूस ती ऊब पुन्हा जाणवू लागली आहे. आवाज नाही. त्या बाजूस आवाज येणारच नाही. केवळ श्वास, मध्ये एक थांबणे, पुन्हा श्वास. सकाळी अकराच्या सुमारास, सर्व माग चालू असताना, साऱ्या माणसांत ती येते. दुपारच्या नमाजात अखेरचा सलाम प्रथम उजव्या खांद्याकडे फिरवावा लागतो. मान वळली की तेथे कोणीतरी बोलून संपण्याच्या बेतात आहे असे वाटते. अर्जदार डावीकडे मान फिरविण्यास विसरतो. शेजारचे नमाजी त्याच्याकडे पाहतात. कानाच्या डॉक्टरांना दाखविण्याचा सल्ला आपण द्याल, परंतु त्यांना सांगावयाचे काय? जो कान काम करीत नाही, तो थांबत नाही, असे?

१०. दि. ६ ऑक्टोबर रोजी अर्जदारास ज्ञापन मिळाले की, पूर्वी केलेली वही टंकलेखनासाठी जमा करावी. खरेदीदाराच्या तपासणीत जेवढी जास्त कागदपत्रे तेवढे बरे. गुरुराजसाहेब स्वतः म्हणाले, “अहो, टाइप करून ईमेलला जोडून टाकू. पासवर्ड घालू की.” अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले की, तो पासवर्ड किती वर्षे टिकेल हे मॅडमना सुद्धा सांगता आले नाही, आणि नोंद क्रमांक दोन ही साहेबांची स्वतःची आहे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, “मग काय करायचं?”

अर्जदाराने टॉवेलचे तागे कापावयाच्या कात्रीने वहीची एकेक ओळ कापून वेगळी केली आणि ज्याची पट्टी त्याच्या हातावर ठेवली. कोणी ती चहाच्या कपात बुडविली, कोणी चघळून थुंकली. शिवणखात्यातील त्या बाईने न वाचता कमरेला खोचली आणि म्हणाली, “परत दिल्याबद्दल उपकार, पर आता पुन्यांदा वझं झालं.” साहेबांनी आपली पट्टी खिशात घातली. टंकलेखनाचा विषय त्यानंतर त्यांनी काढला नाही, मात्र ज्ञापन मागे घेतल्याचे लेखीही दिले नाही.

एक पट्टी उरली आहे.

११. अर्जदाराने मॅडमना पुनश्च फोन करून विचारले की, ते यंत्र आल्यावर अशा कोऱ्या रकान्यावर चालेल काय. त्या म्हणाल्या, “काका, जे कुठं साठवलेलंच नाही, ते कुठलंच यंत्र उघडू शकत नाही.” हेच वाक्य त्यांनी कार्यशाळेत म्हटले असते तर अर्जदाराने ते समाधानाने उतरवून घेतले असते.

घरी पत्नी कमरुन्निसा यांस कानाची बाब पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या सहा वर्षे डाव्या बाजूसच बसतात. सर्व ऐकून त्या म्हणाल्या : “वो बिचारी हर मंगळवार कू आती, और तुम मुदत बताते क्या जी उसकू? कान गया तो गया. जबान तो हय ना?”

अर्जदाराने यावर तीन दिवस विचार केला. वारसदारांच्या रजिस्टरात येडू गडदे यांच्या नावापुढे राजाबाई यांचे नाव आहे. तेव्हा पट्टी त्यांची. परंतु कोरी पट्टी हातावर ठेवणे म्हणजे, तुझ्या नवऱ्याचे बोलणे वाऱ्यावर गेले, असे त्यांस सांगणे होय. आणि न ठेवणे म्हणजे, मला ठाऊक आहे पण सांगत नाही, असे दर मंगळवारी खोटे बसून राहणे होय. दुसरे अधिक क्रूर आहे, असा अर्जदाराचा निष्कर्ष आहे. मुदतीच्या आड तो येडूची बाब राखीत नव्हता. स्वतःचा कान राखीत होता.

१२. सबब, अर्जदाराची मागणी अशी की, नोंद क्रमांक ३७ वारसदार श्रीमती राजाबाई यांच्या स्वाधीन करण्यास आपल्या कक्षाने हरकत नसल्याचे कळवावे. पुढील कार्यशाळांमध्ये उद्योजकांना व संशोधकांना कुलपांबरोबर हेही शिकवावे की, ज्याच्या स्वाधीन गुप्त गोष्ट करावयाची, त्याने ती घेतली किंवा नाही याची खात्री केल्याखेरीज तेथून हलू नये. आणि ज्याने घेतली नसेल, त्याने मान डोलावू नये. याकरिता परिशिष्टात सहावा रकाना घालण्यास बरीच जागा आहे, ती अर्जदाराने फूटपट्टीने मोजून पाहिली आहे.

या अर्जामुळे अर्जदाराच्या नोकरीबाबत जो निर्णय होईल तो त्यास मान्य राहील. हा अर्ज पाकीट न चिकटविता दिला आहे. वाटेत कोणी वाचल्यास हरकत नाही.

आपला नम्र, आणि आजपासून उघड,
(सही) म. अ. नदाफ
शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सोबत :
१) कार्यशाळेच्या टिपणाची पाने, एकूण नऊ.
२) परिशिष्ट ‘ब’, नोंद क्रमांक ४२, नव्याने भरलेली. गोपनीय बाब : उजवा कान सहा वर्षांपासून बंद. ताबा : अर्जदार. कुलूप : मान डोलावणे. किती वर्षे गुप्त : मुदत आज संपली.

प्रत : श्रीमती राजाबाई येडू गडदे यांना. त्यांस वाचता येत नसल्याने उद्या, मंगळवारी, हजेरी खोलीतील बाकावर अर्जदार हा अर्ज आरंभापासून मोठ्याने वाचून दाखवील व आदेशाची वाट न पाहता पट्टी त्यांच्या हाती देईल. त्यानंतर त्या जे काही बोलतील ते, समजले नाही तर पुन्हा विचारून, पूर्ण ऐकून घेईल.